माळ्यावरील टू-इन-वन : इतिहासाचे एक साधन



इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. जुन्या घराण्यांच्या दारी जाऊन, वाळवी आणि घरधन्याची उदासीनता या दोन शत्रूंच्या तावडीतून त्यांनी कागद सोडवून आणले. त्याच १८९८ साली डेन्मार्कमध्ये वाल्डेमार पौलसेन या तंत्रज्ञाने लोहचुंबकाच्या योगाने पोलादी तारेवर माणसाचा आवाज साठविणारे 'टेलिग्राफोन' नावाचे यंत्र सिद्ध केले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु आज त्या दोन्ही आपल्याच घरात एकत्र आल्या आहेत. कारण ज्या माळ्यावर एके काळी दफ्तरे पडून असत, तेथे आता कॅसेटींनी भरलेला पत्र्याचा डबा आणि त्या वाजविणारे मुके टू-इन-वन धूळ खात पडले आहे.

या मुक्या यंत्राविषयी आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. ते घरच्या घरी पुन्हा बोलते करता येते, आणि ते बोलते करताना त्याच्या पोटातला इतिहासही वाचता येतो.

प्रथम त्याची वंशावळ पाहू. पौलसेनने आपले यंत्र १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले. ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योजेफ त्यापुढे चार शब्द बोलले, आणि तो आवाज अद्याप ऐकावयास मिळतो. पुढे १९२८ साली फ्रिट्झ फ्लॉयमर याने तारेऐवजी कागदाच्या पट्टीवर लोहाची पूड बसविण्याची युक्ती काढली. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' हे फितीवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र लोकांपुढे आले. परंतु ही यंत्रे अवजड होती. ती नभोवाणीच्या कचेरीत शोभत, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर नव्हे.

ही फीत सामान्य माणसाच्या हाती दिली ती लू ऑटेन्स या डच अभियंत्याने. तो फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हासेल्ट येथील कारखान्यात काम करीत असे. नवे यंत्र केवढे असावे हे ठरविण्यासाठी त्याने कागदावर आकडे मांडले नाहीत. कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला, आणि यंत्र याहून मोठे होता कामा नये असे ठरविले. पुढे मोटारीचे चाक बदलताना जॅकखाली तो ठोकळा लावला गेला आणि तेथेच हरवला, असे सांगतात. १९६३ साली, पुन्हा बर्लिनच्याच प्रदर्शनात, त्याची कॅसेट जगापुढे आली. तिच्यातील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि तिची गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. १९६५ साली जपानी कंपनी सोनीशी झालेल्या वाटाघाटींनंतर फिलिप्सने हा शोध इतरांना स्वामित्वधनाशिवाय वापरू देण्याचे मान्य केले. त्यामुळे कोणत्याही देशातली कॅसेट कोणत्याही देशातल्या यंत्रात बसू लागली. ग्रंथाच्या इतिहासात जे कार्य छापखान्याने केले, तेच घरगुती आवाजाच्या इतिहासात या एका करारामुळे घडले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

कॅसेट आणि रेडिओ यांचे लग्न १९६६ साली फिलिप्सनेच लावले. १९६८ साली ऐवा कंपनीने जपानमधील पहिले असे यंत्र काढले. डच मंडळींनी त्याला 'रेडिओरेकॉर्डर' म्हटले. जपान्यांनी रेडिओ व कॅसेट हे दोन्ही शब्द तोडून 'राजिकासे' असा सुटसुटीत शब्द घडविला. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याला 'बूमबॉक्स' हे नाव पडले. आपण भारतीयांनी मात्र एका पैशात दोन वस्तू मिळाल्याचा आनंद नावातच सांगून टाकला आणि त्याला 'टू-इन-वन' म्हटले!

न्यूयॉर्कचा उल्लेख ओघाने आला, तर तेथील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रॉन्क्स भागातील सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने बहिणीसाठी भरविलेल्या नृत्याच्या मेळाव्यापासून 'हिप-हॉप' या संगीताचा प्रारंभ मानतात. या संगीताच्या तबकड्या बाजारात गाजू लागल्या त्या १९७९ साली. मधल्या सहा वर्षांत ते संगीत कोणी जपले? गरीब वस्तीतल्या मुलांनी, कॅसेटींवर. एकाची कॅसेट दुसऱ्याने उतरवून घ्यावी आणि खांद्यावरच्या यंत्रातून साऱ्या गल्लीला ऐकवावी, हीच त्याची प्रसिद्धी आणि हेच त्याचे दफ्तर. शेजाऱ्यांना त्या गोंगाटाचा त्रास झाला असेल, नाही असे नाही. परंतु स्पाइक ली यांच्या १९८९ च्या चित्रपटात रेडिओ रहीम या पात्राच्या हाती असलेले यंत्र आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केले आहे. ज्या वस्तूला रस्त्यावर शिव्या मिळाल्या, तिला काचेच्या कपाटात मान मिळाला.

आपल्याकडे हे यंत्र आले ते मुख्यतः माणसाच्या हातून, सामानातून. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव चढले आणि गोवा, कोकण, केरळ या किनारपट्टीवरील असंख्य तरुण आखाती देशांत कामाला गेले. सुट्टीवर येताना त्यांच्या सामानात टू-इन-वन असे. १९८० च्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या, आणि तबकड्यांच्या मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे फारसे पाहिले नव्हते, असे गायक घरोघरी पोहोचले. महाराष्ट्रात भीमगीते व लोकगीते, गोव्यात तियात्र आणि कांतारे यांच्या कॅसेटी खपू लागल्या. उत्तर हिंदुस्थानातील या स्थित्यंतरावर पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' हा ग्रंथच लिहिला.

हा झाला बाजाराचा इतिहास. परंतु या यंत्राला आणखी एक कळ होती, तांबड्या ठिपक्याची. ती दाबली की यंत्र ऐकविण्याऐवजी ऐकू लागे. छापखाना घरी नव्हता, कॅमेऱ्याची फीत महाग होती, लिहिता सर्वांना येत नव्हते. पण बोलता तर सर्वांना येत होते! आखातातून कॅसेटवर पत्रे येत आणि घरची मंडळी यंत्राभोवती बसून उत्तर भरून पाठवीत.

आमचे मामा बहरीनला कामाला होते. त्यांनी १९८२ साली आणलेले यंत्र आणि त्यांच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट अशी दोन्ही आमच्या घरी होती. मामा आता हयात नाहीत. यंत्राची कळ दाबली असता आतून नुसती घरघर येई. ते उघडावयाचे ठरविले ते यासाठी.

प्रथम बाहेरूनच वाचन करावे. तबकावरील आकडे बोलतात. जपानच्या स्वतःच्या बाजारासाठी केलेल्या यंत्रांवर एफ. एम. चा पट्टा ७६ पासून ९० पर्यंत असे. परदेशी पाठविण्याच्या यंत्रांवर तो ८८ पासून १०८ पर्यंत असे. मागच्या बाजूस ११० ते २४० व्होल्ट निवडण्याची कळ असली, तर ते यंत्र अनेक देशांत विकण्यासाठी केलेले, हे ओळखावे. आमच्या यंत्रावर या दोन्ही खुणा होत्या. ते जन्मतःच प्रवासी होते.

उघडण्यापूर्वी विजेची तार काढावी, सेल काढावेत आणि काही वेळ थांबावे, कारण मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. तारा कोठून कोठे गेल्या आहेत याचे छायाचित्र घ्यावे. सेलच्या खणात पाझर झालेला असतो. साध्या सेलचा पाझर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि अल्कलाइन सेलचा व्हिनेगरने पुसावा, आणि मग खण पूर्ण कोरडा करावा.

मुख्य रोग बहुधा रबरी पट्ट्यात सापडतो. मोटरची गती फिरत्या चाकाला देणारा हा पट्टा चाळीस वर्षांत एकतर सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा होतो. आमचा दुसऱ्या प्रकारचा होता. बोटे दोन दिवस काळी राहिली. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने खरवडून काढावा आणि त्याच मापाचा नवा बसवावा. फीत ओढणारी पोलादी दांडी आणि हेडही त्याच अल्कोहोलने पुसावे. दांडीवर दाबणाऱ्या रबरी चाकाला मात्र साबणाचे सौम्य पाणी बरे. कळांचा खरखराट संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने जातो. इतके करूनही आवाज क्षीण राहिला, तर कंडेन्सर वाळले आहेत असा संशय घ्यावा. ते बदलण्यास डाख देण्याची सवय लागते. ती नसेल तर गावातल्या एखाद्या जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हाती काम द्यावे. असा कारागीर अजून कोठेतरी असतो, आणि त्याच्यापुढे बसून पाहणे हेही शिक्षणच आहे.

हेडचा कोन हा सर्वांत नाजूक विषय. सेकंदाला दहा हजार कंपने असलेल्या स्वराची एक लाट फितीवर पाच सहस्रांश मिलिमीटरपेक्षाही कमी जागा घेते. हेड किंचित कलले, किंवा त्यावर धुळीचा पातळ थर बसला, तरी 'स', 'श', 'च' ही व्यंजने विझून जातात आणि बोलणारा माणूस तोंडावर रुमाल धरून बोलतो आहे असे वाटते. हेडजवळचा लहानसा स्क्रू अगदी थोडा फिरवीत, कानाने ऐकत, तो कोन जुळवावा लागतो.

आता मुख्य दक्षता. दुरुस्तीची परीक्षा मोलाच्या कॅसेटवर कधीही घेऊ नये. आम्ही प्रथम बाजारातल्या गाण्यांची एक कॅसेट लावली. ती दोन्ही बाजूंनी न अडकता, न चुरगळता वाजली, तेव्हाच दुसरीला हात लावला. त्या दुसऱ्या कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला असलेली प्लास्टिकची दोन इवली पाने प्रथम मोडून टाकली. ही पाने शाबूत असेपर्यंत चुकून तांबडी कळ दाबली गेल्यास जुना आवाज पुसला जातो. पाने मोडल्यावर ती कळ दबतच नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालू नये. आतला नमद्याचा चिमुकला तुकडा गळून पडला असेल, तर फितीची रिळे उचलून दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटमध्ये बसवावीत.

मामांचे ते पत्र दहा-बारा मिनिटांचे आहे. त्यात मोठे असे काहीच नाही. छपरासाठी मंगळुरी कौले घ्यावीत की पत्रे, याची चौकशी आहे. खोलीत आपण आठ जण राहतो, पण 'तुम्ही काळजी करू नका' असे आहे. मागे कोणीतरी भांडी घासत आहे. मध्येच ते थांबतात, आणि त्या थांबण्यात जे आहे ते कागदावर उतरलेच नसते. त्यांच्या बोलण्यातले कितीतरी शब्द आता आमच्या घरात कोणी वापरीत नाही. आखाती स्थलांतराचा इतिहास उद्या लिहिला जाईल, तेव्हा पारपत्रांची संख्या आणि घरी आलेल्या पैशाचे आकडे सरकारी कागदांत सापडतील. कौले की पत्रे, हा प्रश्न विचारणारा आवाज तेथे सापडणार नाही. तो आपल्या माळ्यांवरच आहे.

आणि तेथे तो कायमचा राहणारा नाही. आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा मोडी कागदाला जशी सोसत नाही तशी फितीलाही सोसत नाही. म्हणून यंत्र चालू झाल्यावर त्याच्या कानाच्या भोकातून तार संगणकाला जोडून आवाज उतरवून घ्यावा, त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात, आणि मूळ कॅसेटही टाकून देऊ नये. यंत्रातून काढलेले जुने भाग एका पाकिटात घालून, कोणता भाग केव्हा बदलला हे त्यावर लिहावे.

शेवटी एकच विनंती. राजवाड्यांच्या हाती पडलेल्या कागदांवर निदान कोणी कोणास लिहिले ते वाचता येत असे. कॅसेटवर पुष्कळदा एक अक्षरही लिहिलेले नसते. तो आवाज कोणाचा, प्रसंग कोणता, साल कोणते, हे सांगू शकणारी वृद्ध माणसे आज आपल्या घरांत आहेत. पट्टा दहा वर्षांनीही बदलता येईल. त्यांना मात्र आजच विचारले पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी तो पत्र्याचा डबा खाली काढावा, त्यांच्याजवळ बसावे, आणि एकेका कॅसेटवर नाव, गाव आणि साल लिहून घ्यावे.