क्रियापदाची साक्ष : रशियांतील पारलिंगी स्त्रिया व चलच्चित्ररूप साधनें

कागद, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हीं इतिहासाचीं साधनें होत, याविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. चलच्चित्र मात्र आपल्या साधनसंग्रहाच्या उंबरठ्याबाहेरच उभें आहे. रशियांतील पारलिंगी स्त्रियांच्या इतिहासास या साधनावांचून गति नाहीं व तें कसें वाचावें याचेंहि शास्त्र हवें, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. जन्मतः पुरुष म्हणून नोंदली गेलेली, परंतु स्त्री म्हणून जगणारी व्यक्ति ती पारलिंगी स्त्री. ‘तृतीयपंथी’ हा शब्द आम्हीं हेतुतः टाळला आहे. त्यामागें आपल्याकडील गुरुशिष्यपरंपरा उभी आहे, ती रशियांत नाहीं.

प्रथम कालानुक्रम ठरवूं. नोव्हेंबर १९९७ मधील नागरी नोंदींच्या कायद्यानें वैद्यकीय दाखल्यावरून लिंगाची नोंद बदलण्यास मुभा दिली. परंतु त्या दाखल्याचा नमुना आरोग्य मंत्रालयानें ठरविला तो ऑक्टोबर २०१७ मध्यें, व तो अमलांत आला २०१८ च्या फेब्रुवारींत. मधल्या वीस वर्षांत अनेकींस न्यायालयाची पायरी चढावी लागली. जून २०१३ मध्यें अल्पवयीनांपुढें ‘अपारंपरिक’ संबंधांचा प्रचार करणें दंडनीय झालें. डिसेंबर २०२२ मध्यें ती बंदी सर्व वयांस लागू झाली, लिंगबदलाविषयींचें कथनहि तिच्या कक्षेंत आलें, व संस्थांस ५० लाख रूबलपर्यंत दंड ठरला. २४ जुलै २०२३ रोजीं जन्मजात व्यंगांचा अपवाद वगळून लिंगबदलाचे उपचार व नोंदबदल या दोहोंस मनाई झाली. त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरास सर्वोच्च न्यायालयानें ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरविली. म्हणजे ठराविक नमुन्यावर नोंद बदलण्याचा मार्ग मोकळा राहिला तो अवघा साडेपांच वर्षें.

सरकारी दप्तर असें बंद झाल्यावर संशोधकापुढें उरतात तीं चित्रें. त्यांत दूरचित्रवाणीचा वांटा प्रथम पाहूं. १९९७ ते २००० या काळांत एनटीव्ही वाहिनीवर येलेना खांगा यांच्या ‘प्रो एतो’ या कार्यक्रमानें कामविषयक गोष्टी प्रथमच उघड्या चर्चेस आणल्या. २००५ पासून पहिल्या वाहिनीवर ‘पुस्त गवर्यात’ सुरू झाला. नांवाचा अर्थ ‘बोलूं द्या त्यांना’. पण या धर्तीच्या कार्यक्रमांत पाहुण्यास मध्यें बसवावयाचें, भोंवतीं आप्त व पंडित मांडावयाचे, आणि प्रेक्षकांच्या गलबल्यांत वाद पेटवावयाचा, अशी रीत. पारलिंगी स्त्रियाहि अशा चर्चागृहांत आणल्या गेल्या. हें साधन बखरीप्रमाणें वाचावें. त्यांत नायिकेचें चरित्र थोडें, धन्याची रुचि फार.

अनुबोधपटांची जात निराळी. आग्निया गाल्दानोवा यांचा ‘क्वीनडम’ (२०२३) हा जेना मार्विन या कलावंताच्या मागें मागें जातो. जेना ही स्त्री व पुरुष या दोन्ही चौकटींबाहेरची असल्यामुळें आमच्या व्याख्येंत काटेकोरपणें बसत नाहीं. परंतु तीच हवा तिला सोसावी लागली. मगादान हें तिचें गांव. कोलिमाच्या छळछावण्यांस कैदी ज्या बंदरांतून जात, तेंच हें. तेथें तिला आजीआजोबांनीं वाढविलें. टाकाऊ वस्तूंचे पोषाख घालून ती रस्त्यावर चाले. २०२१ मध्यें अशा निदर्शनापायीं मॉस्कोंतील विद्यालयांतून तिला काढण्यांत आलें, आणि २०२२ मध्यें युद्धाचा निषेध तिनें अंगास कांटेरी तार गुंडाळून केला. शेवटीं ती पॅरिसला गेली.

आतां या साधनाच्या वाचनाविषयीं. संस्कृतांत ‘गतः, गता’ अशीं धातुसाधितें भूतकाळाचें काम करूं लागलीं, तेव्हां क्रियेस कर्त्याचें लिंग चिकटलें. मराठींत ‘मी गेलों’ व ‘मी गेलें’ हा भेद आहेच. रशियन भूतकाळहि धातुसाधितापासूनच निघालेला आहे. तेथें पुरुष ‘पश्योल’ म्हणतो, स्त्री ‘पश्ला’. वर्तमान व भविष्य काळीं मात्र रशियन क्रियापद लिंग सांगत नाहीं. म्हणजे आज काय करतें हें लिंग लपवून सांगतां येईल. काल काय केलें तें सांगतांना मात्र आपण कोण हें सांगितल्यावांचून सुटका नाहीं. बोलणारी आई असो कीं अधिकारी असो, समोरच्या व्यक्तीविषयीं त्याचा निवाडाहि त्याच प्रत्ययांत उमटतो. पडद्याखालील इंग्रजी भाषांतरांत ही सारी साक्ष पुसली जाते. मराठी भाषांतरांत ती राखतां येईल.

कोणी म्हणेल, चित्रपट कातरलेला असतो. त्यावर विश्वास कसा ठेवावा? डेव्हिड फ्रान्स यांच्या ‘वेलकम टू चेचन्या’ (२०२०) या चित्रपटाचें उदाहरण घ्यावें. तो मुख्यतः समलिंगी स्त्रीपुरुषांच्या छळाविषयीं आहे. त्यांत पळून निघालेल्यांच्या चेहऱ्यांवर इतरांचे चेहरे यंत्रानें बसविले आहेत, आणि तसें प्रेक्षकास आरंभींच सांगितलेंहि आहे. येथें मुद्रा परकी, साक्ष अस्सल. साधनाची किंमत अव्यंगतेवर नसून त्यांत कोणी काय व कां बदललें हें कळण्यावर असते, हा आपला जुनाच सिद्धान्त त्यावरून दृढ होतो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, या चित्रांच्या प्रती रशियाबाहेर ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं मूळ ध्वनि जपावा व उतारे प्रत्ययांसह करावे. तसेंच पूर्ण नांवगांव छापण्याचा संशोधकांचा नियम येथें शिथिल करावा. कारण ही साक्ष देणाऱ्या व्यक्ति हयात आहेत. शिक्षकी पेशांत असतां ‘गेलें’ व ‘गेलों’ यांतील चुकांवर आम्हीं तांबड्या शाईनें पुष्कळ रेघा ओढल्या. एखादीनें जन्मभर ज्याची वाट पाहिली तेंच एक अक्षर त्यांत असूं शकतें, हें आम्हांस तेव्हां कळलें नव्हतें.