भिंतीपूर्वीचे काळे पाणी

२०२४ पासून ज्यास श्रीविजयपुरम् म्हणतात ते पोर्ट ब्लेअर एका दिवसात पाहावे, म्हणून आम्ही स्वतंत्र वाटाड्या केला. मराठी मंडळी पाहून त्याने प्रथम सावरकरांच्या कोठडीपाशी नेले. मस्तक आपोआप नमले. परंतु हे कारागृह पुरे झाले १९०६ साली. बंदिवानांची पहिली, सुमारे दोनशे जणांची तुकडी येथे उतरली १० मार्च १८५८ रोजी. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांचे काय?

दुपारी नावेने रॉस बेटावर गेलो. २०१८ पासून त्यास नेताजींचे नाव आहे. उत्तर तेथे मिळाले. आरंभी भिंती नव्हत्याच. समुद्र हाच तट होता. सत्तावनच्या उठावातील कैद्यांनी जंगल तोडले, बेट वसविले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी येथूनच कारभार हाकला. १९४२ मध्ये जपानी आले. आज चर्चच्या भिंती झाडांच्या मुळांनी कवळल्या आहेत.

वाटाड्याने साहेबांचे नृत्यगृह दाखविले. ते बांधणाऱ्यांची नावे विचारताच तो गप्प झाला. आम्ही पडलो कारकून. कागदावर न उरलेला माणूस कसा हरवतो, हे आम्हांस ठाऊक आहे. कोठडीस वंदन करावेच. पण ज्यांस कोठडीही लाभली नाही, त्यांसही परतताना हात जोडावेत.