न बोललेले शब्द

आळंद तालुक्यातील कडगंची हे गाव मराठी वाचकांस परिचित आहे ते सायंदेवाचे गाव म्हणून. त्याच्याच वंशातील सरस्वती गंगाधर यांनी ‘गुरुचरित्र’ रचले, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथात गाणगापूरच्या पिंपळावरील ब्रह्मराक्षसाच्या उद्धाराची कथा येते. आणि भीमा-अमरजेच्या संगमावरील त्या क्षेत्री बाधा झाली म्हणून आणलेली माणसे आजही आरतीच्या वेळी घुमताना, आक्रोश करताना दिसतात. त्या सर्वांचे दुखणे एकच असेल असे नव्हे. परंतु जवळ कोणी नसता ज्याला माणसांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते, असा एखादा रुग्ण त्यांत असू शकतो.

झुरिचचे मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली या विकारास जे नाव दिले, त्यास मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. नावावरून पुष्कळांस वाटते, की एका देहात दोन माणसे वसतात. तो निव्वळ गैरसमज होय. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांस देण्यात आले आणि अनेकांच्या कानांतील आवाज मंदावले. मात्र ते उठतात कोठून, हे कोडे सुटले नव्हते.

१९९३ साली लंडनच्या संशोधकांनी आवाज ऐकू येत असतानाच रुग्णांच्या मेंदूतील रक्तप्रवाह तपासला. शब्द जुळविणारा ब्रोकाचा भाग त्या वेळी अधिक कार्यरत आढळला. पुढे १९९९ साली फ्रांकफुर्टच्या संशोधकांनी तीन रुग्णांस चुंबकीय यंत्रात निजवून, आवाज येताच कळ दाबावयास सांगितले. तेव्हा बाहेरचा ध्वनी ग्रहण करणारा मेंदूचा भागच जागा झालेला दिसला. सर्व प्रयोगांत हे दुसरे निरीक्षण मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. आपण मनात बोलतो तेव्हा ‘हे माझेच बोलणे’ अशी सूचना मेंदू श्रवणकेंद्रास आधीच देतो. ती सूचना चुकली, की स्वतःचाच शब्द परक्याचा भासतो, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

तेव्हा ‘कोणी बोलत नाही, उगीच सोंग करू नकोस’ असे घरच्यांनी दटावणे हा रुग्णावर अन्यायच आहे. तो ऐकतो, हे खरे. १९८० नंतरच्या दशकात याच कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मनोविकारांवर उपचार करण्याचा प्रयोग झाला आणि १९९६ साली तोच नमुना देशातील इतर जिल्ह्यांसाठी घेण्यात आला. मनोरुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई करणारा कायदा मात्र २०१७ साली झाला.