झाडू, कंत्राट आणि कायद्याची व्याख्या

१९५४ हे साल आपल्या पिंपरी-चिंचवडसाठी दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. देहूरोडचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. पण कारखान्याच्या गेटमधून आत गेलेल्या आपल्या माणसाचे पुढे काय झाले, कायद्याने त्याला कधी कामगार मानले आणि कधी नाकारले, हा इतिहास आपण वाचत नाही. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. आता तो वाचल्याशिवाय चालणार नाही.

सुरुवात याच पिंपरीतून करू. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कामगारांचा पगाराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ च्या निकालसंग्रहात तो आजही वाचायला मिळतो. कंपनीचे म्हणणे असे की आमचा कारखाना सरकारी आहे, त्याला खासगी कारखान्याचे माप लावू नका. न्यायालयाने ते मान्य केले नाही. मालक सरकार असो की शेठ, कामगाराच्या हक्काचे तत्त्व एकच, असा त्या निकालाचा अर्थ. पण ही लढाई कोण लढू शकले? ज्यांचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर होते ते. ज्याचे नाव कंत्राटदाराच्या वहीत आहे, त्याला न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच एक प्रश्न विचारला जातो : तुझा मालक कोण?

या प्रश्नावर १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आला. त्याच्या कलम १० मध्ये साधी कसोटी होती. काम बारमाही आहे का? आस्थापनेला ते आवश्यक आहे का? एरवी ते कायम कामगारांकडून करून घेतात का? पूर्ण वेळ माणसे लागतील इतके ते आहे का? या कसोट्या लावून सरकार त्या कामातील कंत्राट बंद करू शकत होते. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडणे, साफ करणे, धूळ पुसणे आणि राखण करणे या कामांना १ मार्च १९७७ पासून कंत्राटी कामगार लावण्यास मनाई झाली.

मित्रांनो, या यादीकडे नीट पाहा. झाडू, फडके आणि राखण. या देशात ही कामे कोणाच्या वाट्याला आली, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात शोधायला नको. गावगाड्याने जे काम जातीवर लादले, तेच काम शहरात कंत्राटदारामार्फत त्याच जातींकडे आले. म्हणून त्या अधिसूचनेत जात हा शब्द नसला तरी तिचा फायदा कोणाला होणार होता, हे स्पष्ट होते.

पुढची वीस वर्षे प्रश्न उरला तो असा : कंत्राट बंद झाले, मग त्या कामगाराचे काय? घरी जायचे? मुंबईतील एअर इंडियाच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले. कंत्राट रद्द झाले की कामगार मुख्य मालकाचा झाला. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती के. रामस्वामी स्वतः दलित समाजातून आलेले होते. न्यायासनावर कोण बसतो याने फरक पडतो, हे आपण म्हणतो तेव्हा हा निकाल समोर ठेवावा.

तो निकाल पाच वर्षेही टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो फिरवला. कंत्राट रद्द झाले म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले. १९७६ ची ती अधिसूचनाही रद्द झाली. कंत्राट हे केवळ सोंग आहे हे सिद्ध करण्याची वाट उघडी राहिली, पण सिद्ध करायचे कामगाराने. त्याच वर्षी कल्याणी स्टील्स आणि सिप्ला यांच्या प्रकरणांत आणखी एक दार अरुंद झाले. महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा हे आपल्या राज्यातील कामगारांचे मोठे हत्यार. पण कंपनी तुम्हाला आपला कामगार मानत नसेल तर आधी ते नाते दुसरीकडे सिद्ध करून या, मग या कायद्याखाली तक्रार करा, असे न्यायालयाने सांगितले.

राज्य सरकारही मागे राहिले नाही. कंत्राटी कामगार कायदा २० कामगारांपासून लागू होत असे. महाराष्ट्राने २०१६ च्या दुरुस्तीने तो आकडा ५० केला. ४९ माणसांचा कंत्राटदार कायद्याच्या बाहेर! चाकणच्या पट्ट्यात माणसे पुरवणाऱ्यांना यापेक्षा मोठी भेट कोणती?

आता नव्या संहितेकडे या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० म्हणते की आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावता येणार नाही. ऐकायला किती गोड! पण मुख्य काम म्हणजे काय, याची व्याख्या वाचा. आस्थापना ज्यासाठी उभी राहिली ते काम आणि त्याला आवश्यक असणारे काम. त्याच्याच खाली, कोणती कामे आवश्यक मानायची नाहीत याची यादी. यादीत पहिले नाव सफाईचे : झाडणे, साफ करणे, धूळ पुसणे, कचरा गोळा करणे. मग पहारा, कॅन्टीन, माल चढवणे-उतरवणे, बागकाम.

१९७६ साली ज्या तीन शब्दांनी कंत्राट बंद केले, तेच तीन शब्द २०२० साली कंत्राटाला मोकळे रान देण्यासाठी वापरले आहेत. कारखाना एक दिवस झाडला नाही, संडास धुतला नाही, तर असेंब्ली लाइन किती वेळ चालेल? तरीही कायदा म्हणतो, हे काम आवश्यक नाही. जे काम करणाऱ्याला समाजाने गावाबाहेर ठेवले, त्या कामाला कायद्याने व्याख्येबाहेर ठेवले. याला योगायोग म्हणायचे का?

बाबासाहेबांना हे कोडे जुनेच होते. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात त्यांनी विणकाम खात्यात अस्पृश्यांना असलेल्या बंदीचा प्रश्न उभा केला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत असे सांगितले. त्याच वर्षी औद्योगिक विवाद विधेयकाला विधिमंडळात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरच्या संपात उतरले. हे सारे करणारा माणूस १९३५ पासून मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचा प्राचार्यही होता. रस्त्यावरचा संप आणि वर्गातला कायदा त्यांनी वेगळा मानला नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले ते उगाच नव्हे.

आणि लढले तर मिळतेही. मुंबई महापालिकेचा कचरा वाहणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्याने ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या बाजूने निकाल लागला. ते काम तात्पुरते नव्हे, आवश्यक आहे, असे न्यायालयाने मानले. म्हणजे संहिता ज्याला अनावश्यक म्हणते त्यालाच न्यायालय आवश्यक म्हणते. ही फट आपल्याला वापरता आली पाहिजे.

आणखी एक फट त्या व्याख्येतच आहे. आस्थापना त्याच कामासाठी उभी नसेल तरच सफाई यादीत जाते. मग महापालिकेचे काय? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार रस्त्यांची सफाई हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेसाठी झाडू हे मुख्य कामच ठरते. हा युक्तिवाद कोण लिहिणार? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत, पुण्याच्या आयएलएसमध्ये आपली मुले-मुली शिकत आहेत. शोधनिबंधाला विषय हवा ना? हा घ्या. आणि जे कायदा शिकत नाहीत त्यांनी आपल्या वस्तीतल्या कंत्राटी कामगाराची पगारपावती, गेटपास, हजेरीकार्ड, पीएफचा नंबर जपून ठेवायला सांगावे. कंत्राट सोंग आहे हे सिद्ध करायची वेळ येईल तेव्हा हेच कागद बोलतील.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण भिंतीवर रंगवतो. या व्याख्येविरुद्ध लढताना ते तिन्ही एकाच वेळी करावे लागणार आहे.

जय भीम!