महापौरपदाची अडीच वर्षे : मुदतमर्यादा नेमकी कोणावर?

एका व्यक्तीने एका पदावर किती काळ राहावे, याला कायद्याने मर्यादा असावी काय, हा वाद आपल्याकडे बहुधा पंतप्रधान वा मुख्यमंत्रिपदाच्या निमित्ताने निघतो. स्थानिक स्वराज्य संस्थांत मात्र अशी मर्यादा वेगळ्या नावांनी केव्हाच लागू झाली आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) महापालिकेचा अनुभव त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार नगरसेवक कितीही वेळा निवडून येऊ शकतो. मात्र महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची आहे. पूर्वी तर ती एकच वर्षाची होती. शिवाय हे पद कोणत्या प्रवर्गाकडे जाणार, ते मुंबईत निघणाऱ्या आरक्षण सोडतीवर ठरते. त्यामुळे पुन्हा संधी मिळणे जवळपास दैवाधीनच. स्थायी समितीच्या १६ सदस्यांपैकी निम्मे दरवर्षी निवृत्त होतात आणि सभापतिपद वर्षभराचे असते. नगरसेवकाचा प्रभाग आरक्षित झाला, तर त्यालाही दुसरीकडे जागा शोधावी लागते. मुदतमर्यादा हा शब्द कायद्यात नसला तरी तिचा परिणाम असा जागोजागी जाणवतो.

अडीच वर्षेही पुरती मिळतात असे नाही. एप्रिल २०१५ च्या निवडणुकीनंतर शिवसेना-भाजप युतीने पदांची वाटणी केली. आधी शिवसेनेचे त्र्यंबक तुपे, डिसेंबर २०१६ मध्ये भाजपचे भगवान घडामोडे आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये शिवसेनेचे नंदकुमार घोडेले महापौर झाले. पाच वर्षांत तीन महापौर. याच काळात २०१६ मध्ये समांतर जलवाहिनीचा करार महापालिकेने रद्द केला. जायकवाडीच्या नाथसागरातून शहराला पाणी आणण्यासाठी १,६८० कोटी रुपयांची नवी योजना २०१९ मध्ये मंजूर झाली. डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि पुढे खर्चाचा आकडा २,७४० कोटींवर गेला. आखणीपासून नळाला पाणी येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे लागणारे हे काम. त्याचा जाब कोणत्या महापौराला विचारायचा? ज्याच्या काळात निर्णय झाला तो परिणाम दिसेपर्यंत पदावर नसतो आणि जो पदावर असतो त्याने तो निर्णय घेतलेला नसतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव येथील कचरा डेपोविरुद्ध परिसरातील ग्रामस्थ उभे राहिले आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. घोडेले यांना पदभार स्वीकारून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. डेपोचा प्रश्न मात्र अनेक वर्षांचा होता. मार्चमध्ये राज्य शासनाने तत्कालीन आयुक्तांनाच सक्तीच्या रजेवर पाठवले. हा प्रसंग बोलका आहे. महापालिकेचे कार्यकारी अधिकार कायद्याने आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणवतात. पण अंमलबजावणी त्यांच्या हाती नसते. मुंबईत १९९८ मध्ये ‘मेयर इन कौन्सिल’ पद्धतीने हे अधिकार लोकप्रतिनिधींकडे देण्याचा प्रयोग झाला. तो वर्षभरातच गुंडाळण्यात आला.

मुदतमर्यादेचे समर्थक जी भीती दाखवतात ती खरी आहे. सत्ता एका हाती फार काळ राहिली की कंत्राटदार, अधिकारी आणि पुढारी यांचे साटेलोटे जमते. न्यूयॉर्क शहराने १९९३ मध्ये सार्वमताने महापौरांवर सलग दोन मुदतींची मर्यादा घातली ती याच विचाराने. (२००८ मध्ये नगर परिषदेने ती तीनवर नेली, मायकेल ब्लूमबर्ग तिसऱ्यांदा निवडून आले आणि २०१० मध्ये मतदारांनी ती पुन्हा दोनवर आणली.) पण ब्राझीलचा अनुभव उलटा आहे. तेथील महापौरांना सलग दोनच मुदती मिळतात. क्लाउडिओ फेराझ व फ्रेडेरिको फिनान यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पुन्हा निवडून येण्याची संधी असलेल्या महापौरांच्या काळात निधीचा अपहार २७ टक्क्यांनी कमी आढळला. फिलिपिन्समध्ये स्थानिक पदांवर सलग तीन मुदतींची मर्यादा आली, तेव्हा पदे पत्नी, मुले आणि भावंडे यांच्याकडे गेली. प्रभाग महिलांसाठी राखीव झाल्यावर घरातूनच उमेदवार शोधण्याची आपल्याकडील रीत यापेक्षा फार निराळी नाही.

तरीही प्रभागांच्या फिरत्या आरक्षणाला सरसकट नावे ठेवता येणार नाहीत. मुंबई महापालिकेच्या निवडणुकांचा रिखिल भावनानी यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले प्रभाग २००२ मध्ये खुले झाले, तेव्हा तेथे महिला निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे फिरत्या आरक्षणाने जुन्यांना हटवले, तसे नव्यांसाठी दार कायमचे किलकिलेही केले. महापौरपदाच्या तुकड्यांबाबत असे म्हणता येत नाही. तेथे आधीच निवडून आलेल्यांनाच पदे वाटली जातात आणि वाटणी पक्षाची सोय पाहून होते.

कायद्याने न घातलेली मर्यादा मतदार घालतातच. चंद्रकांत खैरे १९९९ पासून सलग चार वेळा औरंगाबादचे खासदार होते. २०१९ मध्ये इम्तियाज जलील यांनी त्यांचा ४,४९२ मतांनी पराभव केला. मात्र त्यासाठी निवडणूक वेळेवर व्हावी लागते. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. प्रत्यक्षात आधी करोना, मग इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचनेचे वाद यांत मतदान लांबत गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली आणि १५ जानेवारीला मतदान झाले. दरम्यान पावणेसहा वर्षे प्रशासकांचा कारभार होता. एखाद्या महापौराला मिळतात त्याच्या दुपटीहून अधिक काळ हे शहर न निवडलेल्या हातांत राहिले, आणि त्या काळाला कोणतीही मर्यादा नव्हती.

आता ११५ नगरसेवकांचे सभागृह अस्तित्वात आले आहे. प्रथमच बहुसदस्यीय प्रभाग असल्याने नागरिकाला एकाऐवजी तीन-चार नगरसेवकांचे दार ठोठवावे लागेल. महापौरपदाची मुदत मात्र अडीच वर्षांचीच आहे.