थंडीत धरणाच्या काठावर गळ टाकताय? मग तो मासा कुणाचा, हे आधी समजून घ्या

समोर करडा समुद्र, पायाखाली वाळूऐवजी गोल गुळगुळीत गोटे आणि दर काही मीटरवर जाडजूड जॅकेट घातलेला एकेक माणूस. प्रत्येकासमोर तिकाटणं, त्यावर टेकवलेली बारा-चौदा फुटांची काठी आणि नजर काठीच्या शेंड्यावर. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ऐन थंडीत गळ टाकून मासे पकडण्याच्या स्पर्धा होतात, त्यातलं हे नेहमीचं दृश्य. चेसिल हा त्यातला सगळ्यात नावाजलेला किनारा. सुमारे २९ किलोमीटर लांबीचा हा नुसता गोट्यांचा बांध आहे. पश्चिमेच्या टोकाला वाटाण्याएवढे खडे आणि पूर्वेकडे जावं तसे मोठे होत होत मुठीएवढे गोटे. अंधारात होडी किनाऱ्याला लागली, तर हातात गोटा घेऊन आपण कुठे आलोय ते जुने कोळी ओळखायचे, असं तिथं सांगतात.

आता अकोल्याहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर रेल्वेनं सुमारे ५८० किलोमीटर जावं लागतं. मग वऱ्हाडातल्या माणसाचा या सगळ्याशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो फोनमधून आलाय. असे व्हिडिओ बघून रीळवाली काठी ऑनलाइन मागवायची, रविवारी मित्रांसोबत धरण गाठायचं, पिचिंगच्या दगडांवर बसून गळ टाकायचा आणि मासा लागला की रील करायची, हा थंडीतला नवा छंद झालाय. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा, अकोल्याला पाणी देणारं महानचं काटेपूर्णा, तेल्हाऱ्याकडचं वान, अशी धरणं हाताशी आहेतच. काठी तीच, थंडीही तीच. फक्त इंग्लंडच्या गोट्यांवरून गळ टाकणं आणि वऱ्हाडातल्या पिचिंगवरून गळ टाकणं यात एक मोठा फरक आहे. तो काठीत किंवा माशात नाही, मालकीत आहे.

तिकडची स्पर्धा चालते कशी?

आधी चिठ्ठ्या काढतात. किनाऱ्यावर क्रमांक लावलेल्या खुंट्या असतात आणि ज्याला जो क्रमांक येईल, त्यानं तिथंच उभं राहायचं. चांगली जागा पकडायला पहाटे धावपळ करून फायदा नाही. इशारा झाला की सगळे एकदम गळ टाकतात. लाटा आणि प्रवाहात दोरा वाहून जाऊ नये म्हणून दीडशे ग्रॅमच्या आसपासचं शिसं लावतात. त्याला तारेचे आकडे असतात, ते तळात रुतून बसतात. चार-पाच तास हा खेळ चालतो. थंडीत कॉड आणि व्हायटिंग हे मासे किनाऱ्याजवळ येतात म्हणून हंगाम हिवाळ्याचा.

पूर्वी मासे पिशवीत भरून शेवटी काट्यावर वजन करायचे. आता बऱ्याच ठिकाणी मासा पट्टीवर मोजतात, शेजारचा स्पर्धक साक्षीदार म्हणून सही करतो आणि मासा परत पाण्यात जातो. लांबीवरून वजन काढायचे तक्ते तयार असतात. ठरावीक लांबीपेक्षा छोटा मासा घरी नेताच येत नाही. कॉडसाठी ही मर्यादा ३५ सेंटिमीटरची आहे.

मुख्य म्हणजे तिथं समुद्रकिनाऱ्यावरून काठीनं मासे धरायला सर्वसाधारणपणे परवाना लागत नाही. समुद्रातला मासा पकडला जाईपर्यंत कुणाचाच नसतो, हे त्यामागचं जुनं तत्त्व. पण त्याच इंग्लंडमध्ये नदी किंवा तळ्यावर गळ टाकायचा असेल तर सरकारी परवाना हवा आणि पाण्याच्या मालकाची परवानगीही हवी. व्हिडिओत समुद्र दिसतो, हा नियम दिसत नाही. वऱ्हाडातली धरणं या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

धरणातला रोहू येतो कुठून?

अनेकांचा समज असा, की धरण सरकारचं, पाणी पावसाचं आणि मासे आपोआप होतात. मरळ, वाम, शिंगाळा असे नदीतले मूळचे मासे आपोआप होतात हे खरं. पण गळाला लागल्यावर ज्याची रील सगळ्यात जास्त चालते तो किलो-दोन किलोचा रोहू किंवा कतला तिथं बहुतेक वेळा कुणीतरी सोडलेला असतो.

कतला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला की वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते वाढतात जोमानं, पण तिथं त्यांचं प्रजनन सहसा होत नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि देशभर मत्स्यबीज केंद्रं उभी राहण्याचा रस्ता मोकळा झाला. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो यामुळेच.

या केंद्रांमधून मत्स्यजिरे निघतात, त्यांची वाढून अर्धबोटुकली होते, मग बोटुकली. अशी बोटुकली पावसाळ्यात धरणात सोडतात. त्यातली कितीतरी मोठे मासे, पाणकावळे आणि बगळे खातात. उरलेली वाढायला वर्षभर तरी जातं. म्हणजे जानेवारीत गळाला लागलेल्या किलोभर रोहूमागे कुणीतरी आदल्या किंवा त्याच्या आधीच्या पावसाळ्यात विकत आणलेलं बीज असतं.

हा ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्था. धरण जलसंपदा विभागाचं असलं, तरी त्यातल्या मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठरावीक वर्षांसाठी ठेक्यानं दिला जातो. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बीज सोडते, आणि सभासद जाळी टाकून मासे काढतात. वऱ्हाडात या संस्थांमध्ये भोई, ढिवर, कहार अशा समाजांतली कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. राज्याच्या यादीत भोई समाज भटक्या जमाती ‘ब’ गटात येतो. यातल्या पुष्कळ घरांकडे शेती नाही आणि नदीवरचा पिढीजात धंदा धरणं, वाळूउपसा आणि आटलेले डोह यांनी कधीच मोडलाय. धरणाचा ठेका हाच आता त्यांचा वावर.

म्हणून हौशी गळवाल्याकडे संस्थेचे लोक रागानं बघतात, त्याला कारण आहे. एकानं दोन रोहू नेले तर कुणी बुडत नाही. पण रविवारी पन्नास काठ्या लागल्या आणि त्यातले काही जण मासे गावात विकायला लागले, तर ते आयत्या बिळावर नागोबा होतं. गळ टाकणाऱ्याला चोरी केल्यासारखं वाटत नाही, कारण धरणाला कुंपण नसतं. ठेका मात्र असतो.

कुठे अजिबात नको

काही ठिकाणी तर संस्थेनं हो म्हटलं तरी उपयोग नाही. काटेपूर्णा जलाशयाला लागून काटेपूर्णा अभयारण्य आहे, १९८८ साली घोषित झालेलं, चौसिंग्यासाठी ओळखलं जाणारं. मेळघाट व्याघ्र प्रकल्प त्याहून जुना, १९७४ चा. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या तिथून निघून तापीला जातात. फोटोत या नद्यांचे पांढरे गोटे आणि निवळशंख पाणी बघितलं की वऱ्हाडातलं चेसिल हेच, असं कुणालाही वाटेल. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या व्याख्येत माशांचाही समावेश होतो. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात हौस म्हणून गळ टाकणं हा गुन्हा ठरतो आणि त्याची रील म्हणजे स्वतःविरुद्ध स्वतःच तयार केलेला पुरावा.

अभयारण्याच्या बाहेरही एक धोका असतो, कासवाचा. गांडूळ किंवा मांसाचा तुकडा लावलेल्या गळाला मऊ पाठीचं कासव सहज लागतं. ही कासवं कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत वाघाच्या रांगेत. गळ निघत नसेल तर ओढाओढ न करता दोरा तोंडाजवळ कापून वन विभागाला फोन करायचा. घरी नेण्याचा विचारही नको.

आणि सुरुंग, ब्लीचिंग पावडर, कीटकनाशकं यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्यावर १८९७ च्या मत्स्यपालन कायद्यापासून बंदी आहे. गंमत म्हणजे त्या काळात याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांमध्ये गळवालेही होते. १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिणारे एच. एस. थॉमस हे मद्रास इलाख्यातले अधिकारी. महसीरच्या मागे फिरणारा हा हौशी माणूस विष घालून पिल्लं मारण्याच्या प्रकारांवर सरकारदरबारी लिहीत राहिला. हौशी गळवाला आणि मासा वाचवणारा हे एकाच माणसात बसू शकतात, ते असं.

थंडीच का बरी?

वऱ्हाडात ऑक्टोबरात धरणं भरलेली असतात. मग हरभरा-गव्हासाठी पाणी सुटतं, पातळी हळूहळू उतरते आणि काठाचे दगड उघडे पडतात. पावसाळ्यातला प्रजननाचा काळ संपलेला असतो, त्यामुळे पोटात अंडी असलेली मादी गळाला लागण्याची शक्यता कमी. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि माशाच्या शरीराची गती मंदावलेली असते. म्हणूनच सोडून दिलेला मासा मे महिन्यापेक्षा जानेवारीत जगण्याची शक्यता जास्त.

उलट बाजू अशी, की त्याच मंद गतीमुळे मासा खातो कमी. पहाटे पाच वाजता काठावर जाऊन कुडकुडण्यात फार अर्थ नसतो. ऊन चढल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान उथळ पाणी जरा तापतं, तेव्हा रोहू-मृगळ कणकेच्या गोळ्याकडे वळतात. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा. तो वर येताना पाण्यावर बुडबुडा दिसतो आणि जुने लोक तेवढ्यावरून जागा हेरतात.

मग वऱ्हाडात स्पर्धा घेता येईल का?

येईल, पण आधी परवानगी आणि मग बॅनर, या क्रमानं. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळवाल्यांची संघटना अनेक वर्षांपासून काम करते. सभासदत्व, नेमून दिलेल्या जागा आणि पकडलेला मासा परत सोडण्यावर भर, अशा पद्धतीनं तिथं हा छंद चालतो. शहराच्या मधोमध असलेल्या तलावावर जे जमतं, ते सिंभोऱ्यात जमायला हरकत नसावी. प्रवेश शुल्कातला ठरलेला वाटा संस्थेला गेला आणि पंच म्हणून संस्थेचेच जुने सभासद बसले, तर भांडणाचं मूळच राहणार नाही. मासा ओळखण्यात त्यांच्याएवढा हुशार पंच दुसरा कोण मिळणार?

लक्ष्य चिलापी ठेवता येईल. मूळ आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. त्याला वाहतं पाणी लागत नाही, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि त्याची पैदास इतकी होते, की स्थानिक माशांना खाणं आणि जागा पुरत नाही. चिलापी जितकी निघेल तितकी संस्थेला द्यायची आणि रोहू-कतला मोजून परत सोडायचे, असा नियम केला तर स्पर्धेनं संस्थेचं नुकसान होण्याऐवजी कामच होईल. संस्था चिलापीही विकतात, त्यामुळे ती परस्पर वाटून घेणं मात्र चालणार नाही.

परत सोडणं हे बोलायला सोपं असतं. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करावा लागतो, म्हणजे गळ पटकन निघतो. मासा हात ओले करूनच धरायचा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघून त्याला बुरशी लागते. तापलेल्या दगडावर ठेवून फोटो काढला आणि मग सोडला, तर तो सोडणं नावापुरतंच. अपवाद एकच, थाई मांगूर. या माशावर देशात बंदी आहे. तो गळाला लागला तर परत पाण्यात टाकायचा नाही, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवायचं.

तुटलेल्या दोऱ्याचं काय, हा प्रश्नही उरतो. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजाविरुद्ध पोस्ट टाकणारेच काठावर तसाच नायलॉनचा दोरा सोडून येतात. याच दिवसांत धरणांवर चक्रवाक आणि पट्टकादंबांचे थवे उतरलेले असतात. दोरा त्यांच्या पायात अडकला, की पक्षी उपाशी मरतो. दोरा गुंडाळून घरी आणायला दोन मिनिटं लागतात.

पिचिंगचे दगड शेवाळानं निसरडे असतात आणि त्यांचा उतार थेट खोल पाण्यात जातो, त्यामुळे घसरलेल्या माणसाला धरायला काहीच मिळत नाही. चेसिलवरही लाटेखाली गोटे सरकतात आणि तिथले अनुभवी लोक खवळलेल्या समुद्रात काठावर उभे राहत नाहीत. धरणावर एकट्यानं जायचं नाही, लाइफ जॅकेट घालायचं आणि दरवाजे, सांडवा, कालव्याचं तोंड या भागापासून लांब राहायचं. तिथं तसाही प्रवेश बंद असतो.

परवानगीसाठी सुरुवात जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयातून करावी. त्या धरणाचा ठेका सध्या कोणत्या संस्थेकडे आहे, ते तिथं कळतं. संस्थेचं लेखी पत्र आणि धरणाच्या हद्दीसाठी पाटबंधारे शाखेची परवानगी घ्यावी. जवळ अभयारण्य असेल तर हद्द नेमकी कुठून सुरू होते, ते वन विभागाकडून नकाशावर दाखवून घ्यावं. नुसता एक रविवार गळ टाकायचा असेल, तरी काठावरच्या होडीजवळ बसलेल्या माणसाला आधी विचारावं. बऱ्याचदा तो हो म्हणतो, आणि मासा कुठे लागेल तेही सांगतो.