वडापाव : गिरणगावाच्या भुकेचा इतिहास

१/
वडापाव हा अस्सल मराठी पदार्थ मानला जातो आणि मुंबईच्या ओळखीत त्याला मानाचे स्थान आहे. परंतु त्यातील मुख्य जिन्नस समुद्रापलीकडून आले, आणि त्याची जडणघडण झाली ती गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या शहरात.

२/
बटाटा आणि मिरची ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या सागरी व्यापारातून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. 'बटाटा' हा शब्दही मराठीने पोर्तुगीज भाषेतूनच घेतला. मिरची येण्यापूर्वी इथल्या स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरी आणि आले वापरले जाई. वड्याचे आवरण मात्र इथल्या मातीतले : हरभऱ्याचे पीठ.

३/
'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच. 'पायांनी मळतात म्हणून पाव' ही लोकव्युत्पत्ती निराधार आहे. गोव्यात खमीर म्हणून माडाची सूर वापरून पीठ आंबवले जाई. पुढे गोवेकर आणि इराणी बेकरीवाल्यांनी पाव मुंबईत रुळवला.

४/
हा प्रवास सोपा नव्हता. पाव खाल्ल्याने माणूस बाटतो, अशी समजूत हिंदू समाजात दीर्घकाळ होती. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत गुप्तपणे चालणाऱ्या परमहंस सभेने जातिबंधन झुगारल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाण्याचा प्रघात ठेवला होता. ज्या घासाने एके काळी जात जात असे, तोच पुढे मराठी अस्मितेचे प्रतीक ठरला.

५/
कावसजी दावर यांच्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यानंतर परळ, लालबाग, वरळी या परिसरात गिरणगाव उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष एकेका खोलीत दाटीने राहत आणि खानावळीत जेवत. या खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांवर गिरणगाव पोसले गेले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले ते त्यांच्यासाठीच.

६/
खानावळीचे जेवण ठरल्या वेळीच मिळे. पाळीवर जाताना वा सुटल्यावर लागणारी भूक त्या वेळेत बसत नसे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला आरंभ केला, असे सामान्यतः मानले जाते. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांचे प्रवासी दादरला एकत्र येतात. गिरणगावही तेथून जवळच.

७/
वडा आधीही होता आणि पावही होता. दोन्ही एकत्र येताच ताटवाटीची आणि बसायच्या जागेची गरज संपली. कागदात गुंडाळलेला वडापाव एका हाताने, चालता चालता खाता येतो. बटाटा आणि पाव पोट भरतात. लसणाची कोरडी चटणी आणि तळलेली मिरची त्या मऊ घासाला धार आणतात.

८/
त्याच वर्षी, १९ जून १९६६ रोजी, शिवसेनेची स्थापना झाली. मराठी तरुणांनी नोकरीची वाट न पाहता धंद्यात उतरावे, या आग्रहात वडापावच्या गाडीला स्थान मिळाले. उडुपी उपाहारगृहांच्या इडली-डोशासमोर 'आपला' पदार्थ म्हणून तो उभा केला गेला. राजकारणाने त्याला पाठबळ दिले खरे. पण गिऱ्हाईक त्यापूर्वीच गाडीपाशी येऊन थांबले होते.

९/
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे सुरू झाल्या नाहीत आणि असंख्य घरांतील पगार कायमचा थांबला.

१०/
वडापावच्या गाडीला भांडवल थोडे लागते. कढई, स्टोव्ह आणि परात एवढ्यावर काम भागते. भट्टीची गरज नसते, कारण पाव बेकरीतून येतो. सारण सकाळीच करून ठेवता येते. म्हणूनच बेकार झालेल्या काही कामगार कुटुंबांनी हा मार्ग धरला. जो घास पूर्वी पाळीवर जाताना विकत घेतला जाई, तोच तळून विकण्याची वेळ त्यांच्यावर आली.

११/
आज लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी झगमगता मॉल आहे. गिरणगावातील बहुतेक भोंगे थांबले, चिमण्या पडल्या. कामगारांच्या घाईतून रुजलेला हा पदार्थ मात्र टिकला. वडापावचे कौतुक करताना 'स्वस्त आणि चविष्ट' एवढेच म्हणून थांबणे अपुरे आहे. ज्यांना बसून जेवण्याइतकी उसंत नव्हती, त्या माणसांचाही तो इतिहास आहे.